इंडिकेटर विझायलाही हवा: एका जुन्या ३५० सीसी गाडीवरचे रनिंग लाइट

गाडी २०१४ ची, ३५० सीसी, कार्ब्युरेटरवाली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांना इंजिन चालू झालं की हेडलाइट आपोआप लागण्याची सक्ती झाली. ही त्याआधीची, म्हणजे हिला पार्किंग आणि हेडलाइटचं वेगळं बटण आहे. कंपनीचे चारही इंडिकेटर १० वॅटच्या बल्बचे होते. मीटरमध्ये इंडिकेटर दाखवणारा दिवा एकच, डाव्या-उजव्या दोघांना मिळून. मॉडेलचं नाव सांगत नाही, कारण पुढचं सगळं या गोष्टींवरून ठरलं. तुमच्या गाडीत या गोष्टी जुळत असतील आणि पार्किंग बॅटरीवर चालत असेल, तर मॉडेल कुठलंही असो, हेच घडणार.

मालक गडहिंग्लजला शिक्षक, घर सावंतवाडीकडे. त्यामुळे आजरा-आंबोली रस्ता दर शनिवार-रविवारचा. जून ते सप्टेंबर त्या घाटात भरदुपारीही ढग रस्त्यावर उतरलेला असतो, आणि समोरून येणाऱ्या एसटीला एकच पिवळट हेडलाइट दिसतो. तो लांब आहे की जवळ, रस्त्याच्या मधून येतोय की कडेने, याचा अंदाज एका ठिपक्यावरून येत नाही. दोन बाजूंना दोन अंबर दिवे असतील तर त्यांच्यातलं अंतर वाढत जाताना दिसतं, त्यावरून गाडी किती जवळ आली ते कळतं. अमेरिकेतल्या हार्लेसारख्या क्रूझरवर पुढचे इंडिकेटर कायम मंद पेटलेले असतात, त्यांनाच रनिंग लाइट म्हणतात. ते सरांनी व्हिडिओत पाहिलं होतं, आणि तसंच त्यांना आपल्या गाडीवर हवं होतं. मागणी रास्त होती. नुसता शौक म्हणून आली असती तर मी कदाचित टाळली असती.

सरांनी आधीच एका दुकानातून चारही इंडिकेटर एलईडीचे बसवून घेतले होते, आणि ‘पार्किंगवर पेटवून द्या’ म्हणून वायरिंगही करून घेतली होती. माझ्याकडे गाडी आली तेव्हा तक्रार अशी:

“दादा, पेटतंय की सगळं. पण मी कुठं वळतोय ते कुणाला कळतच न्हाई.”

थोडं खोदून विचारल्यावर नीट चित्र मिळालं. पार्किंग चालू केलं की चारही इंडिकेटर लख्ख पेटतात, मागचे दोन्हीसुद्धा. मग डावा इंडिकेटर दिला तर काहीच फरक दिसत नाही, मीटरमधला दिवाही लागत नाही. पार्किंग बंद ठेवून डावा दिला तर चारही दिवे एकदम उघडझाप करतात, तेही दुप्पट वेगाने. आजऱ्यात पेट्रोल पंपाकडे उजवीकडे वळताना मागून येणारा दुचाकीवाला अगदी अंगावर आला होता. त्याची चूक नव्हती. त्याला मागून दोन स्थिर पिवळे दिवे दिसत होते, त्यांवरून काय समजायचं?

हेडलाइटच्या डब्यात

हेडलाइटची रिंग काढली की आत वायरींचा गुंता असतोच. इथे त्यात भर होती. पार्किंगच्या वायरचं इन्सुलेशन ब्लेडने सोलून तिच्यावर दोन डायोड पिळून बसवले होते, त्यांची दुसरी टोकं डाव्या आणि उजव्या पुढच्या इंडिकेटरच्या वायरला, वरून काळी टेप. सोल्डर कुठेच नाही. टेप उकलली तर गोंद बोटाला चिकटून आला आणि आतल्या तांब्यावर हिरवी बुरशी चढलेली. आंबोलीचा एक पावसाळा त्या जोडाने पाहिला होता.

डायोड १एन४००७ होते. डायोड म्हणजे विहिरीच्या पाइपातला फूट व्हॉल्व्ह, एकाच दिशेने जाऊ देणारा. दुकानवाल्याने तो लावला होता म्हणजे त्याला उलट्या करंटची कल्पना होती. इंडिकेटर दिल्यावर करंट पार्किंगमध्ये शिरून टेललाइट लुकलुकायला नको, एवढं त्याने पाहिलं. पण पार्किंगचा करंट इंडिकेटरच्या वायरीत शिरून पुढे कुठे कुठे जाईल, ते पाहायचं राहून गेलं.

बटणापासून निघालेली डावी वायर पुढच्या डाव्या आणि मागच्या डाव्या अशा दोन्ही दिव्यांना जाते. म्हणून पुढे जोडलेला पार्किंगचा करंट त्याच वायरीने मागे गेला आणि मागचेही दिवे पेटले. मध्ये रेझिस्टन्स काहीच नाही, त्यामुळे सगळे पूर्ण तेजाने.

मग उघडझाप का दिसत नव्हती, याचा हिशेब छोटा आहे. त्या इंडिकेटरच्या पारदर्शक काचेतून आत १२ एलईडी दिसतात. तीन-तीनची एक माळ, अशा चार माळा, प्रत्येक माळेला आपला रेझिस्टन्स. अंबर एलईडी साधारण २.१ व्होल्ट घेते, तीनच्या माळेला ६.३ व्होल्ट. गाडी चालू असताना साडेतेरा व्होल्ट धरले तर उरलेल्या ७.२ व्होल्टवर माळेत साडेअठरा मिलिअँपिअर जातात. पार्किंगकडून येताना डायोड ०.७ व्होल्ट खातो, त्यामुळे साडेसोळा-सतरा. म्हणजे ‘पार्किंग’ आणि ‘इंडिकेटर’ यांच्या उजेडात फरक जेमतेम दहा टक्के. तेवढा फरक डोळ्याला अंधारातही सहजासहजी कळत नाही, मग रस्त्यावर काय कळणार! इंडिकेटरची उघडझाप करणारा फ्लॅशर आपलं काम इमानेइतबारे करत होता, आतून टकटक ऐकूही येत होती. फक्त तो दिवा विझवत नव्हता, कारण विझवायचं त्याच्या हातात राहिलंच नव्हतं.

मीटरमधला दिवाही याच कारणाने गप्प. या गाडीत त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या वायरीला. डावा इंडिकेटर दिला की करंट डावीकडून दिव्यातून उजव्या बाजूला जातो आणि उजवीकडच्या बल्बांच्या तारेतून अर्थ होतो. त्या छोट्या करंटने १० वॅटचे बल्ब पेटत नाहीत, त्यामुळे जुन्या काळात ही युक्ती बिनबोभाट चालली, आणि कंपनीची एक वायर वाचली. पार्किंग चालू असताना मात्र दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज, मग दिवा पेटणार कशाने? आणि पार्किंग बंद असताना मीटरच्या दिव्यातून येणारा तो छोटा करंट एलईडीला पेटायला पुरेसा. म्हणून चारही बाजूंची उघडझाप. एलईडी इंडिकेटर बसवल्यावर ‘हॅझार्ड आपोआप लागला’ असं सांगत येणाऱ्या जुन्या गाड्यांमध्ये दर वेळी हाच मीटरचा दिवा गुन्हेगार निघतो, आणि दर वेळी आधी बटण बदललं गेलेलं असतं.

दुप्पट वेगाचं कारण बहुतेकांना माहीत असतं. मूळ फ्लॅशर एका बाजूला १० वॅटचे दोन बल्ब धरून बनवलेला असतो, म्हणजे दीड-पावणेदोन अँपिअर. एलईडीच्या दोन दिव्यांचे मिळून ०.१६ अँपिअरही होत नाहीत. फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, आणि तो वेग वाढवून तसं कळवतो.

काय बदललं

पहिल्यांदा फ्लॅशर. बाजारात दोन उपाय मिळतात. एक म्हणजे प्रत्येक बाजूला १० ओहमचा जाड रेझिस्टन्स लावून फ्लॅशरला बल्ब असल्याचं भासवणं. तो मला पटत नाही. १४ व्होल्टवर १० ओहम म्हणजे जवळजवळ २० वॅट, सगळी उष्णता. एलईडी लावून वाचवलेली वीज तापवण्यात घालवायची, आणि तो तापलेला तुकडा वायरींच्या गुंत्याशेजारी ठेवायचा. सिग्नलला मिनिटभर इंडिकेटर चालू राहिला तर हात लावता येत नाही. त्यापेक्षा लोडवर अवलंबून नसलेला तीन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला. तिसरी पिन अर्थची, ती विसरली तर तो फ्लॅशर चालतच नाही. नवा मिनिटाला ८५ च्या आसपास उघडझाप करतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटर अंबर रंगाचा आणि मिनिटाला ६० ते १२० उघडझापीचा हवा, त्यात हे बसतं.

मीटरच्या दिव्याची दोन्ही टोकं सोडवली. डाव्या वायरीवरून एक डायोड, उजव्या वायरीवरून एक डायोड, दोन्ही दिव्याच्या एका टोकाला, दुसरं टोक सरळ अर्थला. आता कुठलाही इंडिकेटर दिला तरी दिवा लागतो, आणि एका बाजूचा करंट दुसरीकडे जात नाही.

इथे एक सापळा आहे. मीटरचा दिवा असा अर्थला नेल्यावर पार्किंगचा करंट जर अजून इंडिकेटरच्या वायरीत येत असेल, तर त्याला या दिव्यातून अर्थला सोपी वाट मिळते. थंड तारेचा तो बल्ब त्या मंद करंटच्या हिशेबाने जवळपास शॉर्टच. मग रनिंग लाइट पेटतच नाहीत. म्हणून पुढच्या प्रत्येक दिव्याच्या आधी, इंडिकेटरच्या वायरीत आणखी एक डायोड लागतो. इंडिकेटरकडून दिव्याकडे वाट खुली, दिव्याकडून मागे बंद. हा डायोड इंडिकेटरच्या तेजातून ०.७ व्होल्ट खाऊ नये म्हणून तिथे साधा न लावता शॉट्की जातीचा १एन५८१९ लावला, तो याच्या निम्मेच खातो. पार्किंगकडून येणाऱ्या वाटेवर जुनाच १एन४००७ चालतो, तिथे आपल्याला मंदच हवंय.

मंद म्हणजे किती, हा खरा प्रश्न. अमेरिकन गाड्यांत वर्षानुवर्षं ११५७ क्रमांकाचा दोन तारांचा बल्ब वापरला जातो. त्याची मोठी तार ३२ कॅन्डलपॉवरची (हे उजेडाचं माप), छोटी ३ ची, म्हणजे दहास एक. त्यामुळे छोटी तार पेटलेली असतानाही मोठी लागली-विझली की स्पष्ट कळतं. आपल्या दिव्यात दहास एक केलं तर धुक्यात त्याचा काही उपयोग उरत नाही. दिवसाउजेडी तर पेटलाय की नाही हे काचेला डोळा लावून बघावं लागेल. पाचास एक धरलं. दिव्याला पूर्ण तेजात ८० मिलिअँपिअरच्या आत लागतात, तिथे १६. साडेतेरा व्होल्टमधून डायोडचे ०.७, माळेचे आणि तिच्या रेझिस्टन्सचे मिळून साडेसात वजा केले की पाचाच्या थोडे वर उरतात. त्याला १६ मिलिअँपिअरने भागलं तर ३३० ओहम. बाजारात मिळणारा आकडा. तो रेझिस्टन्स पार्किंगच्या वाटेवर, डायोडच्या आधी घातला.

भर दुपारच्या उन्हात हा उजेड नावापुरताच आहे, ते सरांना आधीच सांगितलं. धुकं, पाऊस आणि तिन्हीसांजेसाठी तो पुरतो.

विझवण्याचं काम

पाचास एकवर उघडझाप दिसते, पण हवी तशी दिसत नाही. शंभर मीटरवरून मंद आणि तेज यांच्यातला फरक, शेजारी हेडलाइट पेटलेला असताना, सहज निसटतो. समोरच्याचं लक्ष वेधून घेतो तो दोन उजेडांमधला पूर्ण अंधार. म्हणून ज्या बाजूचा इंडिकेटर दिला, त्या बाजूचा रनिंग लाइट वळण संपेपर्यंत पूर्ण बंद व्हायला हवा. नुसता तेजाच्या क्षणी नाही, मधल्या विझलेल्या क्षणीसुद्धा.

रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, लावून हे करायचा मोह होतो. पण फ्लॅशरच्या प्रत्येक ठोक्याला रिले सुटतो, मग विझण्याच्या वेळेत रनिंग लाइट परत येतो. रिलेला धरून ठेवायला थोडी वीज साठवणारा कपॅसिटर लावावा तर रिलेच्या कॉइलला इतका करंट लागतो की हजारो मायक्रोफॅरडचा डबा बसवावा लागेल. ते काम बीसी ५४७ हा कॉलेजच्या प्रॅक्टिकलमधला ट्रान्झिस्टर मजेत करतो.

मांडणी अशी. ट्रान्झिस्टरचे पाय तीन: कलेक्टर, एमिटर, आणि त्या दोघांमधली वाट उघडणारा बेस. ३३० ओहम आणि पार्किंगकडचा डायोड यांच्या मधल्या जोडावर ट्रान्झिस्टरचा कलेक्टर, एमिटर अर्थला. इंडिकेटरच्या वायरीवरून एक छोटा डायोड, तिथून १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर अर्थला, आणि कपॅसिटरवरून १० किलोओहम ट्रान्झिस्टरच्या बेसला. इंडिकेटरचा पहिला ठोका पडला की कपॅसिटर भरतो, ट्रान्झिस्टर उघडतो आणि पार्किंगचा करंट दिव्याकडे जाण्याऐवजी सरळ अर्थला जातो. ठोक्यांमधली विझलेली वेळ साधारण सेकंदाचा तिसरा भाग असते, तेवढ्यात कपॅसिटर थोडासाच रिकामा होतो आणि पुढचा ठोका त्याला पुन्हा भरतो. इंडिकेटर बंद केल्यावर दोन सेकंदांच्या आसपास तो पुरता उतरतो आणि रनिंग लाइट हलकेच परत येतो. अशी एक-एक मांडणी दोन्ही बाजूंना.

जोडताना दोन गोष्टी सांभाळायच्या. कपॅसिटरकडे जाणारी वायर शॉट्कीच्या आधी, इंडिकेटरच्या बाजूने घ्यायची. दिव्याच्या बाजूने घेतली तर पार्किंगचाच करंट कपॅसिटर भरतो आणि स्वतःला दाबायला लागतो, दिवा धड पेटत नाही, धड विझत नाही. दुसरं, ट्रान्झिस्टर उघडा असताना ३३० ओहमवर सगळे साडेतेरा व्होल्ट पडतात. ४१ मिलिअँपिअर, म्हणजे अर्ध्या वॅटच्या वर. चालू असतानाचा हिशेब बघून कुणी पाव वॅटचा रेझिस्टन्स लावला तर पहिल्याच लांब सिग्नलला तो काळा पडेल. एक वॅटचा लावला.

सगळं मिळून बोटभर व्हेरो बोर्डवर, म्हणजे सोल्डरिंगसाठी भोकं असलेल्या पट्टीवर, बसलं. प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवली. बोर्डवर सिलिकॉन ओतताना वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. वास नसलेलं, न्यूट्रल जातीचं वापरायचं. बोर्ड हेडलाइटच्या डब्यात वरच्या बाजूला बांधला, कारण डब्यात पाणी शिरलं तर ते तळाशी साचतं. मग हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायरी कुठे ताणतात का ते पाहिलं. मानेपाशी एक ताणत होती, तिला चार बोटं ढील दिली.

पार्किंगच्या वायरवर टॅप मारण्याआधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून, इंजिन चालू करून मोजलं होतं. या गाडीत ती वायर बॅटरीवरची निघाली, म्हणून वरचा सगळा हिशेब लागू पडला. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाइट आणि पार्किंग बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसीवर चालतात. इंजिन बंद असताना पार्किंग लागत नसेल तर तो त्यातलाच प्रकार. तिथे ही मांडणी फडफडणार, तिथे बॅटरीवरची दुसरी वायर शोधावी लागते.

मागचे दिवे

मागच्या इंडिकेटरना रनिंग लाइटपासून पूर्ण वेगळं ठेवलं. मागे कायम पेटायचा तो लाल टेललाइट. त्याच्या दोन्ही बाजूंना स्थिर अंबर दिवे म्हणजे मागच्याची दिशाभूल, आजऱ्याच्या पंपापाशी झाली तशी. सरांनी विचारलं, “मग मागं लाल पेटवता येतील का ओ, अमेरिकेत असतात तसे?” येतात, पण त्यासाठी दोन रंगांचे वेगळे दिवे लागतात आणि ब्रेकचं कनेक्शनही त्यात आणलं जातं. इंडिकेटरच्या दिव्यात ब्रेक आणू नये या मताचा मी आहे.

कायद्याचंही बोलणं झालं. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या वायरिंगमध्ये हा बदल आहे, गाडी वॉरंटीत असती तर ती गेली असती, आणि आरटीओत कुणी हरकत घेतलीच तर उत्तर मालकाने द्यायचं. म्हणून कंपनीचा मूळ पार्किंगचा दिवा जागेवर आणि चालू ठेवला, आणि नव्या बोर्डच्या सगळ्या वायरी कपलरवर घेतल्या. कपलर काढला, इंडिकेटरची मूळ जोडणी परत केली की गाडी पूर्वीसारखी.

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर न लावता रस्त्यावर उभी केली आणि लांब जाऊन समोरून पाहिली. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना दोन मंद अंबर ठिपके. उजवा इंडिकेटर दिल्यावर एक ठिपका जागीच राहिला आणि दुसरा पूर्ण विझून लख्ख पेटायला लागला. दिशा सांगायला हे एकतर्फी चित्र साध्या इंडिकेटरपेक्षाही बरं वाटलं, कारण न विझणारा ठिपका तुलनेला शेजारीच असतो.

सरांची एकच कुरकुर उरली. इंडिकेटर बंद केल्यावर डावीकडचा रनिंग लाइट उजवीपेक्षा किंचित उशिरा परत येतो. बीसी ५४७ च्या एकाच जातीत एकाचा गेन, म्हणजे करंट किती पट वाढवतो तो आकडा, २०० तर दुसऱ्याचा ४०० असू शकतो, त्यामुळे वेळ मागेपुढे होते. जोडी जुळवून बसवता येते, मल्टिमीटरवर गेन मोजायची सोय असते. पण सिलिकॉन सुकलं होतं, आणि त्या अर्ध्या सेकंदासाठी बोर्ड फोडायला मी काही तयार झालो नाही.